तीन ओळींचा नियम आणि माझी अब्रू

मागच्या वर्षी मला कुणी विचारलं असतं की जगातलं सगळ्यात अवघड काम कोणतं, तर मी सांगितलं असतं, सोमवारच्या ध्वजवंदनाला उन्हात उभं राहून शेजारणीच्या कुजबुजीला न हसणं. आता मी अनुभवी बाई आहे. सतरा पूर्ण. आता मी सांगेन, तीन सज्जन माणसांकडून तीन ओळी लिहून घेणं. दुर्जनांकडून जमेल, त्यांना धमकी देता येते. सज्जन माणूस हो म्हणतो, चहा विचारतो, आपल्या आईची चौकशी करतो आणि शेवटपर्यंत काही लिहीत नाही.

आमच्या तांत्रिक शाळेतून शेवटच्या वर्षी सगळ्यांना एक सत्र कुठल्यातरी कचेरीत शिकाऊ म्हणून पाठवतात. माझ्या निम्म्या मैत्रिणी झेरॉक्सच्या दुकानांत गेल्या. मला मात्र इथल्याच, म्हणजे सोलो शहरातल्याच, एका कंपनीची डेटाबेस टीम मिळाली. ही कंपनी जावाभरच्या मंगल कार्यालयांचं बुकिंग सांभाळते. कुणाचं लग्न कधी, खुर्च्या किती, मांडव केवढा, नवरानवरीमागची फुलांची भिंत कुठल्या रंगाची, सगळं आमच्या डेटाबेसमध्ये. मी 'आमच्या' म्हणते आहे, इकडे कृपया लक्ष द्यावं.

टीमच्या प्रमुख बू वेनिंग, बू म्हणजे बाई. त्या इतक्या हळू बोलतात की ऐकायला माणूस पुढे वाकतो, आणि वाकलेल्या माणसाला काम नाकारता येत नाही. तशीच वाकलेली असताना मला माझं काम मिळालं. त्यांच्या डेटाबेसमध्ये शेकडो प्रोसीजर होत्या. प्रोसीजर म्हणजे यंत्राला दिलेली लेखी आज्ञा, अमुक झालं की तमुक कर. कंपनीचा नियम असा की प्रत्येक आज्ञेच्या डोक्यावर तीन ओळींची माहिती हवी. कुणी लिहिली, काय करते, का करते. हा नियम भिंतीवर छान चौकटीत, काचेखाली लावलेला होता. पाळलेला कुणी पाहिला नव्हता. आणि आता सुराबायाची एक मोठी गिऱ्हाईक कंपनी आपला तपासनीस पाठवणार होती. आमचं लिखाण परक्या माणसाला वाचून कळलं नाही, तर सगळं काम जकार्ताच्या लोकांना मिळणार होतं.

बू वेनिंग म्हणाल्या की सगळ्यांकडून ते तुला लिहून घ्यायचं आहे. जमलं तर तुझ्या प्रमाणपत्रावर मी 'उत्कृष्ट' लिहीन. नाहीतर 'मेहनती'.

इथे थोडं थांबावं लागेल. आमच्या शाळेत 'मेहनती' या शेऱ्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. या मुलीने सहा महिने चहा चांगला केला. झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलींनाही मेहनती मिळतं. आणि मी तर गल्लीत सांगून बसले होते की मी डेटाबेसमध्ये शिस्त आणायला चालले आहे. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

टीममध्ये तीन माणसं. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक, दादाला मास किंवा बांग, आणि धाकट्या भावंडाला दिक म्हणतात. सगळ्यात ज्येष्ठ पाक मार्सुदी. निम्म्याहून जास्त डेटाबेस त्यांनीच लिहिलेला, आणि सुट्टीच्या दिवशी ते लग्नांमध्ये माइक घेऊन सूत्रसंचालन करतात, शुद्ध दरबारी जावानीजमध्ये. मधले मास गुनादी, त्यांच्या खणात कायम तळलेलं काहीतरी असतं. आणि नवा आलेला बांग तुम्पल, मेदानचा, म्हणजे तिकडे सुमात्रातला, बाताक जमातीचा गडी. मेदानची माणसं मनात येईल ते बोलतात, आणि मनात आलं नाही तरी बोलतात.

मी पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन नियम समजावून सांगितला. पाक मार्सुदी म्हणाले हो. मास गुनादी म्हणाले हो, आणि मला केळ्याचं भजं दिलं. बांग तुम्पल म्हणाला, "दिक, आज्ञेचं नावच 'बुकिंग जतन करा' असं आहे. ती काय करते हे तिच्यावर आणखी लिहायचं? मग तुझ्या कपाळावर 'मुलगी' असं लिहू का?"

आठवड्याभरात एकही ओळ आली नाही.

घरी मी जेवताना उसासे टाकले. आई म्हणाली आधी स्वतःच्या चपला जागेवर ठेवायला शिक, मग जगाला शिस्त लाव. पण आमच्याकडे उसासे भिंतीपलीकडे ऐकू जातात, आणि भिंतीपलीकडे बू एर्ते राहतात. त्या आमच्या एर्तेची, म्हणजे गल्लीप्रमुखाची, बायको. गल्लीप्रमुख म्हणजे त्यांचे यजमान, पण ते नुसती सही करतात. बू एर्ते तेवढ्यात आल्याच, आणि म्हणाल्या की एकेकट्याला सांगून गटार कधी साफ झालंय का. सगळ्यांना एकाच दिवशी बोलवायचं, खायला घालायचं, आणि शेजारचा करतोय म्हटल्यावर दुसऱ्याला लाज वाटून तोही करतो. आमच्या गल्लीची सार्वजनिक सफाई त्या अशीच करवून घेतात. घमेलं, झाडू आणि तेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, भजी.

मला हे पटलं. मी शनिवारी कचेरीत डेटाबेसची सार्वजनिक सफाई ठेवली. बू एर्तेंनी स्वतः मोठा डबा भरून भजी दिली. सगळे आले. बू वेनिंगसुद्धा आल्या आणि अतिशय हळू आवाजात तीन भजी खाल्ली. बांग तुम्पलने मिरच्या मागितल्या. गप्पा अशा रंगल्या की मास गुनादींच्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मला अजून तोंडपाठ आहे. संध्याकाळी डबा साफ झाला होता. डेटाबेसबद्दल तसं म्हणता येणार नाही.

लिहिलं मात्र सगळ्यांनी होतं, थोडं थोडं. मास गुनादींनी आपल्या पहिल्याच प्रोसीजरवर लिहिलं होतं 'वरीलप्रमाणे'. वर काही नव्हतं. बांग तुम्पलने लिहिलं होतं 'नाव वाचा'. आणि पाक मार्सुदींनी लिहिलं होतं ते असं. 'सर्वप्रथम त्या दयाघन ईश्वराचे आभार, ज्याच्या कृपेने आपण सर्व आज या प्रोसीजरपाशी निरोगी अवस्थेत जमलो आहोत. येथे उपस्थित वडीलधाऱ्यांची क्षमा मागून, आणि माझ्या शब्दांत काही उणेअधिक झाल्यास तो दोष सर्वस्वी माझा मानून…' असं दोन पानं. मूळ प्रोसीजर चार ओळींची होती. ती का केली आहे, हे एवढ्या स्वागतानंतर शेवटी एका शब्दात होतं, 'गरजेनुसार'.

यावर माझ्या स्वाभिमानाने उचल खाल्ली. मी मोठ्या माणसांना रागावू शकत नाही, पण यंत्र रागावू शकतं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, म्हणजे एक प्रकारचं फाटक. ज्या प्रोसीजरच्या डोक्यावर तीन ओळी नाहीत, ती आत घ्यायचीच नाही. लाल अक्षरात 'माफ करा' म्हणायचं आणि परत पाठवायचं. 'माफ करा' मी मुद्दाम ठेवलं, कारण यंत्र झालं तरी ते सोलोतलं आहे.

बू वेनिंगनी परवानगी दिली. आणि काय सांगू, चमत्कार झाला. चारच दिवसांत सगळ्या प्रोसीजर फाटकातून आत. सगळीकडे हिरवं. मी घरी जाऊन हे इतक्या शांतपणे सांगितलं की वडिलांनी दोनदा विचारलं, ताप आहे का. बू एर्तेंनी गल्लीत दवंडी पिटली. किनान्ती, म्हणजे मी, तिकडे मोठमोठ्या इंजिनियरांना वळण लावते. भाजीवालीने मला त्या दिवशी तुम्ही म्हटलं.

मग मी सहज, म्हणजे अगदी आपलं कौतुक आपणच पाहावं म्हणून, त्या पहिल्या ओळी उघडून बघितल्या. कुणी लिहिली? किनान्ती. पुढची कुणी लिहिली? किनान्ती. खुर्च्यांची, मांडवाची, फुलांच्या भिंतीची, सगळ्या किनान्तीने लिहिलेल्या. ज्या प्रोसीजर लिहिल्या गेल्या तेव्हा मी बालवाडीत डुलक्या काढत होते, त्यासुद्धा.

मास गुनादींना गाठलं. ते खण उघडून माझ्यासमोर भजं ठेवत म्हणाले की यात रागावण्यासारखं काही नाही, उलट विचार फार झाला आहे. पाक मार्सुदींच्या आज्ञेत मी दुरुस्ती केली. आता डोक्यावर माझं नाव लिहिलं तर ते वडीलधाऱ्याच्या डोक्यावर बसल्यासारखं. त्यांचं लिहिलं तर माझी चूक त्यांच्या माथी. आणि पाक मार्सुदी स्वतःचं नाव शेकडो वेळा लिहितील का? ती फुशारकी झाली. "तुझं नाव घातलं की कुणालाच वाईट वाटत नाही," मास गुनादी म्हणाले. "आणि तू तर जाणारच आहेस."

मी म्हटलं, बदला. ते म्हणाले हो. आता मला हो कळायला लागलं होतं.

तक्रार घेऊन मी बू वेनिंगकडे गेले, म्हटलं सगळी नावं नव्याने, खरी लिहून घेऊ या. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, तसंही करता येईल. आमच्याकडे 'नाही' हा शब्द शब्दकोशात असतो, तोंडात नसतो. वडीलधारं माणूस हसून 'तसंही करता येईल' म्हणालं की सोलोतलं शेंबडं पोरसुद्धा आपला बेत गुंडाळून निघतं. तपासणी दोन दिवसांवर होती आणि टीममध्ये कुणाचं मन दुखवायची ती वेळ नव्हती. मी निघाले.

हे सगळं मेदानमध्ये शिकवत नाहीत, आणि पुढचं रामायण त्यातूनच घडलं.

झालं असं की बांग तुम्पलला माझ्या फाटकामुळे जुन्या प्रोसीजर उघडाव्या लागल्या, आणि एकीत त्याला एक विचित्र ओळ सापडली. लग्नाची वेळ सूर्यास्तानंतरची असेल तर तारखेत एक दिवस वाढव. त्याला वाटलं, हा कुणाचा तरी विनोद आहे. बुधवारी संध्याकाळी लग्न, आणि यंत्र म्हणतंय गुरुवार? डोक्यावर पाहिलं. कुणी लिहिली, किनान्ती. काय करते, एक दिवस वाढवते. का, गरजेनुसार. मी तेव्हा सगळ्यांसाठी बर्फाचा चहा आणायला खाली गेले होते. मेहनती मुलगी. म्हणून तो पाक मार्सुदींकडे गेला आणि म्हणाला, ही ओळ चुकीची आहे, काढून टाकतो. पाक मार्सुदींनी क्षणभर डोळे मिटले, हसले आणि म्हणाले, तसंही करता येईल.

बांग तुम्पलने ओळ काढली. वरच्या तीन ओळी होत्याच, त्यामुळे माझ्या फाटकाने त्याला सलाम ठोकून आत सोडलं.

आता आमच्याकडे दिवस सूर्य मावळला की बदलतो. बुधवारी दिवे लागले की गुरुवार सुरू. शिवाय आठवड्याच्या सात वारांबरोबर बाजाराचे पाच वारही चालतात, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, आणि दोन्हींची जोडी बघून घरातली म्हातारी माणसं लग्नाचा दिवस काढतात. आपल्या घरात कुणी ज्या जोडीला वारलं, ती जोडी लग्नाला कायमची बाद. हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच कुणी कधी लिहिलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी सुराबायाहून बू क्रिस्तिन आल्या. केस घट्ट बांधलेले, आणि प्रश्न त्याहून घट्ट. त्यांनी स्क्रीनवर हिरवा रंग पाहिला आणि मान डोलवली. बू वेनिंगनी माझ्याकडे पाहिलं. 'उत्कृष्ट'मधला 'उ' मला स्पष्ट दिसायला लागला होता.

तेवढ्यात दार उघडून बू एर्ते आत आल्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात लग्नाची पत्रिका, आणि खालच्या रखवालदाराला ओलांडून आल्याचं तेज चेहऱ्यावर. त्यांच्या भाचीचं, म्हणजे नणंदेच्या मुलीचं, लग्न. सगळ्यांशी रीतसर नमस्कार झाले, बसायला विनंती झाली, त्यांनी ती नाकारली, पुन्हा झाली, त्या बसल्या, आणि मग म्हणाल्या की पत्रिकेवर गुरुवार वागे छापलंय, आणि तुमच्या यंत्राने आज सकाळी सगळ्या पाहुण्यांना कळवलंय, बुधवार पोन.

"बुधवार पोनला माझे सासरे गेले," बू एर्ते म्हणाल्या. "सासूबाईंनी अंथरूण धरलंय. नवरदेवाकडचे विचारतायत, आम्ही लग्नाला यायचं की पुण्यतिथीला?"

बू क्रिस्तिननी चष्मा वर केला आणि विचारलं, ही प्रोसीजर कुणाची. मग त्यांनी स्वतःच ती उघडली. सुराबायाची माणसं वाट पाहत नाहीत. डोक्यावरची पहिली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली.

बू एर्ते माझ्याकडे वळल्या. "किनान? तू?"

मला वाटलं, भाजीवाली मला आता पुन्हा तू म्हणणार. मास गुनादी तोंडातलं भजं चावायचे थांबले. मी 'माझं नाही' म्हटलं असतं तर ते खरंच होतं. पण मग सगळीच नावं खोटी ठरली असती, आणि परक्या बाईंसमोर पाक मार्सुदींनी मान खाली घातली असती. नुसती गप्प बसले असते तर माझं 'मेहनती' पक्कं, तेही दयेने दिलेलं. पाक मार्सुदी टेबलाकडे पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मी म्हटलं, "नाव माझं आहे, अक्कल पाक मार्सुदींची आहे. पाक, ती ओळ का होती ते सांगाल? मी लिहून घेते."

हे बोलणारी मीच होते, यावर माझा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही.

पाक मार्सुदी उठले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, माइक नव्हता तरी माइकसमोर खाकरतात तसे खाकरले, आणि बोलले. ईश्वराचे आभार आलेच, ते मी गाळले. पण मग त्यांनी सूर्यास्त, वार, बाजाराचे वार आणि पूर्वी एकदा त्या ओळीशिवाय कसं एका घरचं लग्न मोडता मोडता राहिलं, हे इतकं सुरेख सांगितलं की बू एर्तेंनी डोळे टिपले आणि बू क्रिस्तिन टिपणं काढायला लागल्या. मी टाइप करत होते. 'का' या ओळीत पहिल्यांदाच खरं कारण बसत होतं.

बांग तुम्पल मात्र ताडकन उभा राहिला. "पाक, मग मी विचारलं तेव्हा तुम्ही 'नाही' का नाही म्हणालात?"

पाक मार्सुदींना हे लागलं. "म्हणालो की," ते म्हणाले.

बांग तुम्पलने आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, खाली बसला, आणि ती ओळ परत घातली. यंत्राने सगळ्या पाहुण्यांना दुरुस्तीचा निरोप पाठवला, गुरुवार वागे, तसदीबद्दल क्षमस्व. बू एर्तेंनी तिथूनच फोन करून सासूबाईंना अंथरुणातून उठवलं.

पण बू क्रिस्तिन सुटत नव्हत्या. कारण ठीक आहे, त्या म्हणाल्या, आता पहिल्या ओळीत खरं नाव घाला. म्हणजे गाडी पुन्हा तिथेच अडली. मास गुनादी म्हणाले पाक मार्सुदींचं घाला. पाक मार्सुदी म्हणाले छे, त्यात गुनादीची कितीतरी भर आहे. मास गुनादी म्हणाले मी कोण, नुसता हात लावला. बू वेनिंग काहीतरी म्हणाल्या, ते कुणाला ऐकू गेलं नाही. बू क्रिस्तिन घड्याळ बघत होत्या.

तेव्हा बू एर्तेंनी हातातली पत्रिका माझ्या टेबलावर आपटली. त्यांचं म्हणणं असं की या पत्रिकेवर आमच्या दोन्ही घरांची मिळून शंभरावर नावं आहेत, आणि एकाही काकाने तोंड वाकडं केलेलं नाही. "आणि तुम्हा इंजिनियरांना चार नावं लिहिता येत नाहीत?"

मी पत्रिका उघडली. वर कार्य काय, कुठे, कधी. आणि अगदी खाली, आम्हा सगळ्यांच्या पत्रिकांवर असतं तसं, 'यांचंही आग्रहाचं निमंत्रण', आणि मग वयाप्रमाणे नावं. सगळ्यात मोठे आजोबा आधी, शेवटी शेंडेफळ. कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही, कारण आपल्याआधी मोठा असतोच. आणि कुणी फुशारकी मारत नाही, कारण एकट्याचं काहीच नसतं.

माझं फाटक बदलायला दहा मिनिटं लागली. वर काय आणि का. खाली 'यांचंही निमंत्रण', आणि ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची नावं, वयाप्रमाणे. मास गुनादींनी लगेच लिहायला घेतलं. पाक मार्सुदींनीही. आपलं नाव पहिलं आलं म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही, कारण ते वयाने आलं होतं आणि वयाला कोण काय करणार. दुपारपर्यंत ते इतके रंगले की कंपनी सोडून गेलेल्या लोकांच्या नावांमागे मास गुनादी 'कैलासवासी' लावायला लागले. ते मी थांबवलं. त्यातला एक सेमारांगला चांगला धडधाकट आहे.

बू क्रिस्तिन म्हणाल्या, नावं वर आहेत की खाली, मला देणंघेणं नाही. असली पाहिजेत आणि खरी पाहिजेत. मग त्यांनी पास केलं, मास गुनादींच्या खणातली उरलेली भजी खाल्ली, आणि जाताना पाक मार्सुदींना बाजूला घेऊन मुलाच्या लग्नातल्या सूत्रसंचालनाचं विचारलं.

लग्न गुरुवार वागेला, म्हणजे बुधवारी दिवेलागणीनंतर, झोकात झालं. बू एर्तेंच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. भाजीवाली मला अजून तुम्ही म्हणते, फक्त तेवढं बोलून कोथिंबिरीचे पैसे सोडत नाही.

शेवटच्या दिवशी बू वेनिंगनी प्रमाणपत्र हातात दिलं. 'उत्कृष्ट'. स्वच्छ, काळ्या शाईत. माझे पाय जमिनीवर नव्हते. पण मी आता शिस्तीची बाई. मी कागद वरून खाली वाचला आणि तो परत त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, बू, काय ते लिहिलंय, पण का ते लिहिलेलं नाही. माझ्या फाटकातून हे जाणार नाही.

बू वेनिंगनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गोड हसल्या.

"तसंही करता येईल, किनान."

मी प्रमाणपत्र उचललं, तीनदा आभार मानले आणि पाठ न दाखवता दारापर्यंत मागे सरकत गेले. तेवढ्यात बांग तुम्पल खिशातून पेन काढून बू वेनिंगच्या टेबलाकडे धावला.

"अगं थांब की, दिक," तो म्हणाला, "हो म्हणाल्या ना त्या."